चार इयत्ता, एक शिक्षिका

सकाळी ७.४५
डिचोलीहून येणारी बस वेळेवर आली की मी मुलांच्या आधी शाळेत पोचते. पहिली ते चौथी मिळून पट १९. शिकवायला मी एकटी.

८.१५
प्रार्थना झाली. चारही इयत्ता एकाच खोलीत. तिसरी-चौथीला फळ्यावर गणितं घालून पहिलीजवळ बसते. त्यांचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावं लागतं. तेवढ्यात चौथीचा भागाकार अडतो. चौथीतली एक मुलगी दुसरीला धडा वाचून दाखवते. मनापासून करते, पण तिचा स्वतःचा अभ्यास तेवढा मागे राहतो.

९.३०
कार्यालयातून फोन : यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची माहिती आजच हवी. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीच्या कामाला लावता येतं. मोठ्या शाळेत अशा वेळी शेजारचा शिक्षक वर्ग सांभाळतो. इथे सांभाळणार कोण?

१०.३०
माध्यान्ह आहार. स्वयंसहाय्य गटाची मावशी भाजी-पाव घेऊन येते. "बाई, तुम्ही रजेवर गेलात की पोरं नुसती बसून असतात. म्हणून शेजारणीने धाकट्याला इंग्रजी शाळेत घातलं." तिचं खरं आहे. २०११ साली गोवा सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं. अनुदानित शाळांचे बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणाऱ्या बस, गावोगाव फिरू लागले. इकडे पट घटतो म्हणून शिक्षक कमी होतो आणि शिक्षक कमी म्हणून पालक मूल पाठवत नाहीत.

दुपारी १.३०
शाळा सुटल्यावर पेडण्यातल्या मैत्रिणीशी शिक्षकभरतीबद्दल बोलणं. प्राथमिकला बी.एड. चालत नाही, डी.एल.एड.च हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी स्पष्ट केलं. त्याबद्दल तिची तक्रार नाही. लहान मुलांना शिकवायचं कसब वेगळंच असतं. ती म्हणते, "शिक्षक कधी निवृत्त होणार ते नोकरीला लागतो त्या दिवशीच ठाऊक असतं. मग त्याची जागा भरायची तयारी तो गेल्यावर का?"

३.००
गावातल्या निवृत्त मुख्याध्यापकांना छोट्या शाळा एकत्र कराव्यात असं वाटतं : चार शाळांचे शिक्षक एका जागी आले की प्रत्येक इयत्तेला एक मिळेल. हिशेब बरोबर आहे. पण पावसाळ्यात पहिलीचं मूल दुसऱ्या गावी चालत जाणार नाही. आधी वाहन, मग विलीनीकरण, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनाही ते पटलं.

रात्री ८.००
पालक-शिक्षक संघाच्या बैठकीसाठी मुद्दे लिहिते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. पट १९ असला तरी आम्हाला दुसरा शिक्षक मिळायलाच हवा. जवळच्या पाच-सहा शाळांमागे एक राखीव शिक्षक असावा, म्हणजे कोणी रजेवर गेलं तरी वर्ग बंद राहणार नाही. माहिती भरायला त्याच शाळांना मिळून एक कारकून द्यावा. आणि निवृत्तीने रिकामी होणारी जागा जूनच्या आधी भरावी. पालकांनी या चार मागण्यांवर सह्या केल्या तर अर्ज याच आठवड्यात देता येईल.