हवा आत घेतली, पण बाहेर कुठून जाणार?
घरी बांधलेल्या ‘आरव्ही’ विमानांचे पारदर्शक, फुगीर छत उन्हात कॉकपिटची भट्टी करते. ताज्या हवेसाठी बाजूच्या पत्र्यात ‘नाका’ डक्ट बसवतात: पुढे निमुळता, मागे रुंद होत जाणारा, पत्र्याच्या आत बुडालेला झरोका. अमेरिकेच्या ‘नाका’ संस्थेच्या १९४५च्या संशोधनातला हा आकार हवेला फारसा अडथळा करत नाही. खरी गोम मात्र पुढेच आहे. आतली हवा बाहेर पडायला वाट नसेल, तर झरोका कितीही मोठा करा, वारा लागणार नाही. ही वाट कमी दाबाच्या जागी हवी. छतावरून वारा वेगाने वाहतो, तिथे दाब घटतो. पण त्यामुळे छताच्या फटींतूनही आतली हवा बाहेर ओढली जाते आणि शेपटीकडची हवा उलटी पुढे येते, कधी एक्झॉस्टचा धूर घेऊन. म्हणून आधी फटी नीट बुजवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर नजरेसमोर लावाच.