मदतनीसताई, अर्ज केलात का?

धानोऱ्याकडच्या एका गावातली अंगणवाडी. मदतनीसताई खिचडी ढवळता ढवळता पोरांशी गोंडीत बोलत होती. तिला कामाला नऊ वर्षं झालेली, बारावीही पास. तिथली सेविकेची जागा मात्र रिकामीच. मी म्हटलं, "तुम्हीच का नाही अर्ज करत?" ती हसली, "आपल्याले कोन पुसते, ताई?"

मैत्रिणींनो, इथेच आपलं चुकतं. इमानानं राबलं की वरचे आपणहून बढती देतील, असं आपण धरून चालतो. पण न मागितलेलं कोण देणार?

केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, सेविकांच्या रिक्त जागांपैकी ५० टक्के जागा ५ वर्षं अनुभव असलेल्या मदतनिसांमधून भराव्यात. मुख्यसेविकांच्या ५० टक्के जागा तेवढाच अनुभव असलेल्या सेविकांमधून. इतर अटी असतातच, त्यात शिक्षणाची मोठी. दहावीवर शाळा सुटली असेल, तर १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बाहेरून बसता येतं.

तेव्हा नेमणुकीचा आदेश, गुणपत्रिका जपून ठेवा. बालविकास प्रकल्प कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. बढती मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे.

त्या ताईचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून लिहिला. सही करताना तिचा हात थरथरला. जागा मिळेल की नाही, ते पुढे कळेल. पण आता "कोन पुसते" असं ती म्हणत नाही. ती स्वतःच जाऊन विचारते, "माह्या अर्जाचं काय झालं?"