पुस्तक मिटून सांगता येते का?



जूनच्या मध्यावर शाळा उघडतील आणि वसतिगृहात पुन्हा पहाटे पाचला अभ्यासाची घंटा होईल. अनेक वर्षे त्या वेळी मुली ओळीने व्हरांड्यात बसून मोठमोठ्याने वाचत असत. मला तो आवाज फार आवडे. पाहुणे मुक्कामाला असले की मी त्यांना मुद्दाम तिकडे घेऊन जात असे. मुली अभ्यास करतात याचा तोच पुरावा, असे मला वाटे.

मग एका वर्षी आमची सर्वांत कष्टाळू मुलगी दहावीच्या सहामाहीत विज्ञानात नापास झाली. "ताई, मला सगळं येत होतं. पेपर हातात आला आणि गेलं," म्हणाली. मी तिला समोर बसवले. तिने अप्रकट उष्म्याची व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. पाण्याची वाफ होताना ग्रॅममागे 540 कॅलरी लागतात, हेही न अडखळता सांगितले. मी विचारले, "मग माठातलं पाणी गार का होतं?" माठ खोलीच्या कोपऱ्यातच होता. तिने माठाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचणारा हबशी अधिकारी आपल्याला माहीत आहे. फिलिप्प धावत त्याच्याजवळ गेला तेव्हा त्याने वाचनाचे कौतुक केले नाही; वाचता ते समजते का, एवढेच विचारले. शब्बाथ शाळेत हा धडा मी कितीदा शिकवला असेन. पण माझ्याच वसतिगृहातल्या मुलींना तो प्रश्न मी कधी विचारला नव्हता.

आमच्या बहुतेक मुली नवापूर तालुक्यातल्या पाड्यांवरून येतात. घरी मावची बोलतात. पुस्तकातली मराठी ही त्यांची शाळेत शिकलेली भाषा. त्यामुळे न समजलेले वाक्यही त्या सुरात म्हणू शकतात आणि ऐकणाऱ्याला वाटते की आले. लोक "या मुलांना अभ्यास झेपत नाही" म्हणतात तेव्हा मला राग येतो. पावसाच्या पहिल्या सरीनंतर टाकळा कोणता आणि तसाच दिसणारा दुसरा पाला कोणता, हे याच मुलींना लहानपणापासून ठाऊक असते. ते त्यांना कोणी वाचून दाखवलेले नसते. आई खुडायला लावते, चुकले की टोपलीतून काढून टाकते, दोन दिवसांनी पुन्हा विचारते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा.

नेमकी हीच रीत संशोधकांनाही उपयोगी दिसली आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करून त्याने पाहिले की विसरणे पहिल्या काही तासांतच सर्वांत वेगाने होते आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. पुढे 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने उतारा चार बैठकांत वाचला. दुसऱ्याने एका बैठकीत वाचून पुढच्या तीन बैठकांत न पाहता आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवले, न पाहता लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आणि आपल्याला चांगले आठवेल अशी खात्री जास्त कोणाला होती? वाचणाऱ्यांनाच. आमच्या मुलीचे "मला सगळं येत होतं" मला तेव्हा उमगले. पुन्हा पुन्हा वाचलेले पान ओळखीचे होते आणि ओळखीचे म्हणजे आलेले असे मन समजते.

त्या दिवशी मी तिला सहावीतल्या मुलीला माठाची गोष्ट मावचीत सांगायला लावली. ती उष्मा शोषण्याशी अडली, कारण त्याला तिच्याकडे घरचा शब्द नव्हता. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, बाहेर पाझरलेल्या पाण्याला वाफ व्हायला ऊब लागते, ती ते आतल्या पाण्याकडून घेते, म्हणून आतले गार. धाकटीने लगेच विचारले, "मग स्टीलच्या हंड्यात का नाही होत?" त्याचेही उत्तर तिनेच शोधले. यानंतर तीच गोष्ट मराठीत लिहायला तिला दहा मिनिटेही लागली नाहीत.

आता संध्याकाळी धडा एकदा शांतपणे वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि आठवेल ते लिहायचे. मग पुस्तक उघडून राहिलेले पाहायचे, तेवढेच पुन्हा वाचायचे. आधी घरच्या भाषेत एकीने दुसरीला सांगायचे, मग मराठीत. तोच धडा दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा, दर वेळी पुस्तक मिटून. पाढे आणि सूत्रे मात्र पाठच करावी लागतात, त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही. पानभर ओळी अधोरेखित करणे आम्ही बंद केले. सगळेच पान रंगले की काही रंगवले नाही तरी चालते.

मुलींना हे आवडत नाही, हे सांगितले पाहिजे. पुस्तक मिटले की किती कमी येते ते दिसते आणि रडू येते. पहिल्या महिन्यात दोघींनी जुन्या पद्धतीनेच वाचू द्या म्हणून हट्ट धरला. एका पालकांनी तर विचारले, आता वसतिगृहात अभ्यासाचा आवाज का येत नाही?

माठाची मुलगी मार्चमध्ये विज्ञानात पास झाली. गणित मात्र पुरवणी परीक्षेत सुटले. प्रभूची स्तुती असो, आज ती नर्सिंगचे शिक्षण घेते आणि सुटीत आली की धाकट्यांना पुस्तक मिटायला लावते.

या पद्धतीला वह्या फार लागतात, म्हणून आम्ही पुन्हा पाट्यांवर आलो आहोत. आपल्या मंडळीत कोणाकडे जुन्या पाट्या पडून असतील तर शाळा उघडण्यापूर्वी पाठवाव्यात. दगडी असल्या तर बरे, पत्र्याच्या पाटीवर पेन्सिल नीट उमटत नाही.