कोयत्याला निघताना पोत्यात काय भराल?

थंडीच्या दिवसांतले घरचे सोपे, अंगी लागणारे पदार्थ

धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी ओसरली की आपल्या वस्त्यांमध्ये एकच बोलणं सुरू होतं. मुकादमाचा निरोप आला का? गाडी कधी भरायची? धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, गेवराई, कुठल्याही तालुक्यात जा, दिवाळी झाली की कितीतरी घरांना कुलूप लागतं. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या बाजूला कोपी पडते आणि पुढचे पाच-सहा महिने संसार तिथंच. निघताना पेटीत कपडे, पोत्यात ज्वारी-बाजरी, डब्यात मिरचीपूड आणि तेल. लेकरं सोबत असतील तर बिस्किटांचे पुडे.

या वेळचं आरोग्य पान त्या पोत्याबद्दल आहे. जे गावातच राहणार आहेत, म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळेतली लेकरं, त्यांच्यासाठीही हेच पदार्थ उपयोगाचे आहेत.

आधी दुखणं समजून घेऊ

फडावरची बाई पहाटे तीन-चारला उठते. भाकऱ्या थापते, फडक्यात बांधते आणि अंधारातच निघते. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. संध्याकाळी पुन्हा पाणी, सरपण, चूल. नवरा जेवतो, लेकरं जेवतात, मग भगुल्यात उरलं असेल ते तिचं. बऱ्याचदा भाकरी उरते, कालवण उरत नाही. मग मीठ-मिरची आणि वर चहा.

याचा परिणाम रक्तावर दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांमध्ये हाच आकडा १०० पैकी जवळपास ६९ आहे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असलं तर रक्त कमी आहे असं समजावं. दम लागणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, हातापायांत गोळे, माती खावीशी वाटणं या खुणांना आपण 'कामाचा थकवा' म्हणतो आणि सोडून देतो.

मोठ्या बाईला दिवसाला साधारण २९ मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळायला हवं. १०० ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. म्हणजे आपल्या आज्यांच्या ताटातली बाजरी, हुलगे, तीळ, पालेभाजी काही गरिबीची खूण नव्हती. हवा तेवढा नुसता भात आणि चहा-बिस्किट, याला मात्र आपण उगाच 'सुधारलेलं खाणं' म्हणायला लागलो.

१. येसर : दहा मिनिटांत कालवण

आपल्याकडं लग्नकार्यात येसर आमटी होते. तेच येसर करून नेलं तर फडावर भाजी नसली तरी कोरडी भाकरी खायची वेळ येत नाही.

साहित्य : हरभरा डाळ २ वाट्या, बाजरी १ वाटी, गहू १ वाटी, तांदूळ अर्धी वाटी, उडीद डाळ अर्धी वाटी, धने अर्धी वाटी, जिरे २ चमचे, सुकं खोबरं अर्धी वाटी, लाल मिरच्या १०-१२, हळद १ चमचा, असतील तर चार लवंगा आणि दालचिनीचा तुकडा.

कृती : धान्य आणि डाळी वेगवेगळ्या, मंद जाळावर खमंग भाजा. घाई करून करपवू नका. मसाला आणि खोबरं शेवटी थोडं भाजा. सगळं गार झाल्यावर दळून आणा आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. ओला चमचा घालू नका, महिना-दीड महिना छान टिकतं.

आमटी करताना तेलात ठेचलेला लसूण आणि असला तर कांदा परता. पाच जणांसाठी चार-पाच मोठे चमचे येसर गार पाण्यात कालवून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. फोडणीत सहा-सात वाट्या पाणी उकळलं की हे ओता, मीठ टाका आणि ढवळत दहा मिनिटं उकळू द्या. मूठभर पालेभाजी किंवा शेवग्याचा पाला टाकला तर आणखी चांगलं. भाकरी कुस्करून खाताना वर लिंबू पिळा.

२. बाजरीची खिचडी : लेकरांसाठी आणि दात नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी

साहित्य : बाजरी २ वाट्या, मूगडाळ १ वाटी, लसूण, जिरे, हळद, मीठ, तेल.

कृती : बाजरीला पाण्याचा हात लावून अर्धा तास ठेवा. मग उखळात किंवा मिक्सरमध्ये जराशी फिरवून भरड करा आणि पाखडून कोंडा काढा. डाळ धुऊन बाजरीत मिसळा, सहा-सात वाट्या उकळत्या पाण्यात सोडा, हळद-मीठ घाला आणि मंद जाळावर मऊ शिजवा. कुकर असेल तर पाच-सहा शिट्ट्या. वरून लसूण-जिऱ्याची फोडणी.

सहा महिन्यांच्या वरच्या लेकराला हीच खिचडी वेगळी काढून, तिखट-मीठ न घालता, घोटून, चमचाभर तेल घालून भरवा. बिस्किट पाण्यात बुडवून देण्यापेक्षा हे दहापट चांगलं.

बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, कारण तिच्यात तेलाचा अंश जास्त असतो. म्हणून पोत्यात पीठ नेऊ नका, धान्य न्या आणि आठवड्यापुरतंच दळा. थापताना भाकरीला तीळ लावा. तिळाची भाकरी थंडीची आहे, तिला सणाची वाट कशाला पाहायची?

३. हुलग्याचे शेंगोळे : थंडीच्या रात्रीचं जेवण

हुलग्याला काही ठिकाणी कुळीथ म्हणतात. १०० ग्रॅम हुलग्यात २१-२२ ग्रॅम प्रथिनं असतात, लोहही भरपूर. महागड्या डब्यातल्या पावडरीपेक्षा हा स्वस्त.

साहित्य : हुलग्याचं पीठ २ वाट्या, ज्वारीचं पीठ १ वाटी, लसणाचा एक गड्डा, मिरचीपूड, जिरे, हळद, मीठ, कोथिंबीर, तेल.

कृती : दोन्ही पिठं एकत्र करा. लसूण-जिरे वाटून त्यातलं अर्धं पिठात घाला, तिखट-मीठ-हळद घालून घट्ट मळा. हाताला तेल लावून करंगळीएवढ्या वळकट्या करा आणि गोल वळा. उरलेल्या लसणाची फोडणी देऊन आठ वाट्या पाणी उकळा. पाणी खळखळ उकळत असतानाच शेंगोळे एकेक सोडा, नाहीतर विरघळतात. अर्ध्या तासात शिजतात आणि रस्सा आपोआप दाट होतो. वेगळी भाजी लागत नाही, भाकरी लागत नाही. एकाच भांड्यात सगळ्यांचं पोट भरतं, सरपणही वाचतं.

४. करडईची, हरभऱ्याची भाजी

थंडीत शेतात करडईचा आणि हरभऱ्याचा कोवळा पाला मिळतो. मजुरीला गेलेल्या बाईने शेतमालकाला विचारून ओटीभर खुडून आणला की दोन वेळची भाजी झाली. पाला नीट धुवा, चिरा, मूठभर मूगडाळ घालून वाफवा. मग लसूण-मिरचीची फोडणी, दोन चमचे ज्वारीचं पीठ पेरा आणि शेंगदाण्याचा कूट घाला. हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून ठेवला तर उन्हाळ्यातही कामाला येतो. लोखंडी कढई असेल तर भाजी तिच्यातच करा, कढईतलं थोडं लोहही अन्नात उतरतं. झाल्यावर मात्र भाजी दुसऱ्या भांड्यात काढा.

५. कारळ-जवस-शेंगदाण्याची चटणी

एक वाटी कारळ, एक वाटी जवस, दोन वाट्या शेंगदाणे वेगवेगळे भाजा. लसूण, लाल मिरची आणि मीठ घालून भरड कुटा. लसूण आधी भाजून कोरडा केला तर चटणी महिनाभर टिकते. बुरशी लागलेले, काळे पडलेले शेंगदाणे निवडून फेका, ते विषारी असू शकतात. पहाटेच्या फडक्यात भाकरीसोबत ही मूठभर चटणी आणि एक कांदा असला की दुपारपर्यंत अंगात ताकद राहते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला निघणाऱ्यांच्या शिदोरीलाही हीच चांगली.

६. काळीज आणि वजडी : लाज कशाची?

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजत होतं, ते त्यात उघड लिहिलं आहे. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं आणि आपल्या माणसांनी ते सोडलं. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. पण बाजारातून स्वतःच्या कष्टाच्या पैशांनी आणलेलं बकऱ्याचं ताजं काळीज, वजडी, पाया यांची लाज धरायचं कारण नाही. मांसातलं लोह धान्यातल्या लोहापेक्षा लवकर अंगी लागतं.

पाव किलो काळीज धुऊन तुकडे करा. कांदा, आलं-लसूण, हळद, तिखट यांवर परता, थोडं पाणी घालून पंधरा मिनिटं पूर्ण शिजवा, वरून लिंबू. आठवड्यातून एकदा पुरे. गरोदर बाईने मात्र काळीज टाळावं, त्यात 'अ' जीवनसत्त्व फार असतं आणि ते पोटातल्या बाळाला बाधू शकतं. तिला अंडी, मटण, मासे द्या. जे मांसाहार करत नाहीत त्यांनी हुलगे, मटकी, हरभरे भिजवून मोड आणून खावेत.

७. तीळ-शेंगदाण्याचे लाडू

दोन वाट्या तीळ, एक वाटी शेंगदाणे भाजून भरड करा. दीड वाटी किसलेला गूळ मिसळा, उखळात कुटा आणि लाडू वळा. पाक करायची गरज नाही. १०० ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. ते सगळंच अंगी लागत नाही, तरी दूध न मिळणाऱ्या घराला हा मोठा आधार आहे. लेकरांना रोज एक, बाळंतिणीला दोन. शुगर असलेल्यांनी गुळाच्या भरवशावर राहू नये, साखरेसारखाच गूळही रक्तातली साखर वाढवतो.

एवढं ध्यानात ठेवा

• जेवणासोबत चहा नको. चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर थांबा.

• जेवणात लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो यांतलं एक काहीतरी ठेवा. यांच्यामुळं भाजी-भाकरीतलं लोह लवकर शोषलं जातं.

• अंगणवाडीतून किंवा आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या फेकू नका. शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या.

• निघताना रेशन कार्ड, आधार कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही आपल्या वाट्याचं धान्य घेता येतं. तिथल्या अंगणवाडीत लेकराचं नाव सांगा.

• फडावर पाणी उकळून किंवा जंतुनाशक औषध टाकून प्या. जुलाब लागलेल्या पोटात कितीही चांगलं घाला, टिकत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अंगावरून फार जात असेल, पाळी आठवड्याच्या वर चालत असेल, तर ते लाडवांनी किंवा काळजानं बरं होणार नाही. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. म्हणून कुणी 'पिशवी काढून टाका' म्हणालं तर लगेच उचल घेऊन ऑपरेशनला उभं राहू नका. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

शेवटी घरातल्या पुरुषांना आणि सासवांना एक विनंती. वरचे सातही पदार्थ केले आणि तिच्या ताटात पुन्हा कोरडी भाकरीच आली, तर या पानाचा काही उपयोग नाही. कोयता दोघांचा असतो, उचल दोघांच्या नावावर फिटते. मग भगुलं चुलीवरून उतरलं की ताटंही दोघांची एकाच वेळी वाढा. कालवण सगळ्यांना पुरतं की नाही, ते तेव्हाच दिसतं.