निपाणीची यात्रा, फ्लँडर्सचा वारा

निपाणी-चिकोडी भागात गावची यात्रा जवळ आली की हँडबिलं फिरू लागतात. कुस्त्यांचं मैदान, बैलगाडी शर्यत, घोडागाडी शर्यत आणि त्याच रांगेत सायकल शर्यत. खाली बक्षिसांचे आकडे, शिवाय ढाल कुणाकडून तेही. आता इथून सुमारे सात हजार किलोमीटरवरच्या बेल्जियममध्ये चला. देशाच्या उत्तरेला फ्लँडर्स आहे. तिथल्या गावांतही वर्षातून एकदा यात्रा भरते, तिला केर्मिस म्हणतात. आणि यात्रेनिमित्त काय होतं? सायकल शर्यत! गावाभोवती पाच-दहा किलोमीटरच्या फेऱ्या, सगळ्या मिळून शंभराच्या वर किलोमीटर. नावनोंदणी बहुधा गावातल्या कॅफेत. नंबरासाठी थोडे युरो अनामत ठेवायचे, नंबर परत दिला की पैसे परत. बक्षिसं मात्र पहिल्या तिघांवर संपत नाहीत, विसाव्या-तिसाव्या नंबरापर्यंत पोचतात. उन्हाळ्यात तर रोज कुठल्या ना कुठल्या गावात शर्यत असतेच. या दोन मुलुखांची एकमेकांशी ओळखदेख नाही, तरी देवाच्या उत्सवात सायकली पळवायचं दोघांनाही सुचलं!

म्हणूनच जगभरातले हौशी सायकलपटू फ्लँडर्स गाठतात. आपल्या कर्नाटकातूनही एकानं ही वाट धरली. बंगळूरचा नवीन जॉन अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकताना सायकलिंगला लागला, पुढे टाइम ट्रायलमध्ये राष्ट्रीय विजेता झाला आणि बेल्जियमच्या केर्मिस शर्यतींत जाऊन धडकला. २०१६मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या एका संघाकडून खेळला. उद्या बेळगावचा एखादा मुलगा आपल्या फेडरेशनचं परवानगीपत्र घेऊन तिथल्या एखाद्या क्लबात दाखल झाला, तर त्याला नव्यानं काय शिकावं लागेल?

पहिलं शिक्षण हातांचं. आपल्याकडच्या सायकलींचा उजवा ब्रेक सहसा पुढच्या चाकाचा असतो, युरोपात डावा. एवढीशी गोष्ट, पण तिच्यात केवढं शास्त्र! जोरात ब्रेक लावला की सगळं वजन पुढे झुकतं आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणजे सायकल थांबवायचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, आणि चुकून करकचून दाबला तर स्वारासकट सायकल उलटवणाराही तोच. आता क्लबाची सायकल मिळाली, समोर ओलं वळण आलं, मेंदू विचार करायच्या आत सवयीनं उजवा हात आवळला गेला. दाबला मागचा ब्रेक! चाक घसरलं. शहाणे लोक पहिल्याच दिवशी मेकॅनिककडून केबल बदलून घेतात. त्यात रस्त्याची बाजूही उजवी, त्यामुळे मान वळवून मागे बघायची सवयसुद्धा उलटी करावी लागते.

मग येतो वारा, आणि खरी नवलाई इथून सुरू होते.

तवंदी घाट चढताना तुम्ही कुणाशी झुंजता? स्वतःच्या वजनाशी. पण सपाट रस्त्यावर ताशी चाळीसचा वेग धरलात की प्रतिस्पर्धी बदलतो. तुमची बहुतेक सगळी ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होऊ लागते. वेग दुप्पट केलात तर हवेसाठी किती ताकद लागेल? दुप्पट नाही, चौपटही नाही, आठपट! जी हवा हाताला लागत नाही ती एवढी जड होते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे सायकल लावणाऱ्या पोरांना हे पायांनी कळलेलं असतं. ट्रॉलीमागे पेडल एकदम हलकं होतं. (हा खेळ जिवावरचा आहे, करू नका.)

माणसामागे माणूस चालला तरी असाच आडोसा मिळतो. आणि शंभर जणांच्या घोळक्यात? २०१८मध्ये संशोधक बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ सायकलपटूंच्या घोळक्याभोवती हवा कशी वाहते हे संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात तपासलं. घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला एकट्या स्वाराच्या तुलनेत हवेचा अडथळा फक्त पाच ते दहा टक्के लागतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे घोळका पन्नासच्या वेगानं धावत असताना आतला माणूस, हवेपुरतं बोलायचं तर, बाजारातून भाजी घेऊन परतावं इतक्या आरामात चाललेला असतो!

मग सगळेच आत का बसत नाहीत? कारण फ्लँडर्सचा वारा समोरूनच येईल असं नाही. समुद्र जवळ, मुलूख उघडा, आणि वारा बाजूनं. आता आडोसा पाठीमागे नसतो, तिरका असतो. म्हणून स्वार रस्त्यावर तिरकी फळी धरतात. पुढचा क्षणभर वारा अंगावर घेतो, वाऱ्याच्या बाजूला सरकून हळूहळू मागे येतो, आणि त्याच्या आडोशानं दुसरी ओळ पुढे जात राहते. रहाटाचे पोहरे जसे एका बाजूनं वर येतात आणि दुसऱ्या बाजूनं खाली जातात, तशी माणसांची ही माळ ताशी पंचेचाळीसनं फिरत असते, कुणी शिट्टी न वाजवता. पण रस्ता असतो चार-पाच मीटर रुंद. फळीत आठ-दहा जण मावतात. अकरावा कुठे जाणार? कडेच्या चिखलात, उघड्या वाऱ्यात, आणि पाच मिनिटांत शर्यतीबाहेर. त्याचे पाय कमजोर असतात म्हणून नव्हे, वळण यायच्या आधी तो दहा जागा मागे असतो म्हणून. घाटात घडलेल्या आपल्या मुलाला सगळ्यात अवघड जाईल ते हेच. पुढच्याच्या चाकापासून वीतभर अंतरावर, अनोळखी माणसाच्या भरवशावर, वाऱ्याच्या आधी वाऱ्याचा अंदाज घेत धावणं.

आणि फळीत प्रतिस्पर्धी क्लबाचे लोकही असतात! शेवटच्या दोन किलोमीटरपर्यंत ते एकमेकांना आडोसा देतात, कारण न दिला तर सगळेच बुडतात. स्वतःच्या क्लबातला नियम तर आणखी चक्रावणारा: आपला गडी पुढे निसटला असेल तर तुम्ही मुद्दाम जोर लावायचा नाही. पाठलाग करणाऱ्यांच्या मागे नुसतं बसून राहायचं. नव्या पोराला हे पटायला वेळ लागतो. अंगात दम असताना तो न वापरणं हेसुद्धा संघाचं काम असतं.

एका बाबतीत मात्र बेळगावचा मुलगा बाकीच्या परदेशी पोरांच्या पुढे असेल. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत पाटी वेगळी, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव-निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि तो प्रश्न आपण अजून उराशी बाळगून आहोत. बेल्जियमलाही असाच एक सीमाप्रश्न आहे. उत्तरेत डच, दक्षिणेत फ्रेंच. दोन्हींमधली रेषा १९६२च्या कायद्यानं आखली आणि १ सप्टेंबर १९६३पासून पक्की केली. त्या रेषेला खेटून रोन्से नावाचं गाव आहे. ते डच बाजूला पडलं, पण तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्यांना कचेरीत त्यांच्या भाषेची सवलत मिळाली. मराठीतून कागदपत्रं मिळावीत म्हणून पिढ्यान् पिढ्या झगडणाऱ्या आपल्या लोकांना ही सवलत काय चीज आहे हे समजावून सांगावं लागणार नाही.

कायदा लागू व्हायच्या तीनच आठवडे आधी, ऑगस्ट १९६३मध्ये, याच रोन्सेत सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. बेल्जियमच्या संघाचं ठरलेलं होतं: सगळ्यांनी रिक व्हान लोयसाठी पळायचं. घरचं मैदान, तोच राजा. शेवटच्या झेपेत व्हान लोय रस्त्याच्या एका कडेकडून दुसरीकडे सरकला आणि त्याच्याच संघातला तरुण बेनोनी बेहाइट थेट त्याच्या बाजूला आला. बेहाइटचा हात व्हान लोयला लागला, आणि थोडक्यात बेहाइट जिंकला. हात ढकलायला लागला की पडू नये म्हणून? तो अंगावर आला म्हणून हात लावावा लागला, असं बेहाइट सांगत राहिला. विश्वविजेता तो ठरला, पण घोळक्यातल्या राजाला दुखवणं त्याला महाग पडलं आणि पुढच्या काही वर्षांतच त्याची कारकीर्द संपली.