थैलीतील जुनी चांदी

कडोदऱ्याच्या चौकातून सुरतेकडे जाताना आज कापडाच्या गिरण्या दिसतात. सतराव्या शतकात मात्र सुरत ही मोगलांची टांकसाळ असलेले बंदर होती. मेक्सिको व पेरूकडील स्पॅनिश चांदी जहाजांतून येथे उतरे, वितळे आणि रुपया होऊन बाजारात जाई.

त्याच स्पॅनिश चांदीवर अमेरिकेतील इंग्रज वसाहतीही जगत होत्या. 1652 साली बोस्टन येथे जॉन हल याने टांकसाळ उघडली. तिच्या शिलिंगांवर पुढे पाइन वृक्ष उमटू लागला. मौज अशी की, सुमारे तीस वर्षे नाणी पाडली गेली, तरी जवळजवळ सर्वांवर वर्ष 1652 हेच राहिले. नाणी पाडणे हा राजाचा अधिकार; आणि 1652 साली इंग्लंडात राजाच नव्हता! म्हणून ते वर्ष सोयीचे वाटले असावे, असे सांगतात.

आपल्या सुरती रुपयाचीही कथा अशीच आहे. दुसरा शाह आलम 1806 साली वारला. तरी कंपनी सरकार त्याचेच नाव आणि 46 वे राज्यवर्ष छापीत राहिले. लोकांचा विश्वास ओळखीच्या नाण्यावर असतो. 1835 साली सर्वत्र एकच रुपया आला, तेव्हा हा प्रघात सरला.

1695 साली मक्केहून सुरतेस परतणारे 'गंज-ई-सवाई' हे जहाज हेन्री एव्हरी या चाच्याने लुटले. 2014 साली अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमध्ये, एका शेतात, 1693 सालचे येमेनी चांदीचे नाणे सापडले. ते त्याच लुटीतील असावे, असा तर्क आहे.

वाचकहो, आजीच्या थैलीत एखादा काळवंडलेला रुपया असेल, तर तो चिंचेने वा राखेने घासू नका. घासल्याने अक्षरे झिजतात आणि मोल उतरते. सोनाराच्या मुशीत घालण्यापूर्वी जाणकारास दाखवा. कोणाकडून, केव्हा मिळाला, हे कागदावर लिहून त्यासोबत ठेवा. शेत नांगरताना नाणी सापडली, तर 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरास द्यावी लागते.

वितळलेल्या चांदीला वजन उरते, स्मृती उरत नाही.