भूगर्भाचा धांडोळा – ७ : साडेतीनशे मीटर खालचे तांबे

खेतडी आणि मलांजखंडच्या तांब्याने आपला पत्ता स्वतःच सांगितला होता. खडकावर हिरवट मॅलाकाईटचे डाग होते आणि जुन्या काळच्या खाणकामाच्या खुणाही होत्या. पण प्राचीन तळखडकच शेकडो मीटर गाळाखाली गाडला गेला असेल, तर जमिनीवर ना डाग दिसतो, ना ओढ्याच्या वाळूत सोन्याचा कण सापडतो. अशा वेळी बोअर कुठे मारायचे, हे कशावरून ठरवतात?

याचे उत्तम उदाहरण म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऑलिंपिक डॅम. ॲडलेडच्या उत्तरेला, सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर, लाल वाळूच्या टेकड्या आणि मेंढ्यांची कुरणे असलेला हा ओसाड मुलूख. १९५६ साली मेलबर्नला ऑलिंपिक स्पर्धा झाल्या, त्या सुमारास इथे जनावरांसाठी पाणी साठवायला तळे खोदले गेले. त्यावरून हे नाव पडले. खाली सुमारे साडेतीनशे मीटर आडवे, निरुपयोगी गाळाचे थर आणि त्याखाली १५९ कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाईट.

वेस्टर्न मायनिंग कॉर्पोरेशन या कंपनीचे संशोधनप्रमुख रॉय वुडॉल यांनी इथे शोध घ्यायचे ठरवले, ते डग्लस हेन्स या तरुण भूवैज्ञानिकाच्या एका कल्पनेवरून. बेसाल्टचे रासायनिक परिवर्तन होताना त्यातले तांबे सुटते आणि पाण्याबरोबर वाहत जाऊन वरच्या गाळाच्या खडकांत साचते, असे हेन्स यांचे म्हणणे होते. म्हणजे आधी गाडलेला बेसाल्ट शोधायचा. बेसाल्ट जड असतो आणि चुंबकीयही, त्यामुळे गुरुत्व आणि चुंबकत्व या दोन्ही नोंदी जिथे एकाच जागी वाढलेल्या दिसतील तिथे लक्ष द्यायचे. जोडीला टिम ओड्रिस्कॉल यांनी नकाशांवरून भूकवचातल्या मोठ्या भेगांच्या रेषा काढल्या.

गुरुत्वमापन दिसते तितके सोपे नाही. त्यात वापरले जाणारे एकक मिलिगॅल. १ मिलिगॅल म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाचा सुमारे दहा लाखावा भाग. तेच यंत्र तीन मीटर उंचावर नेले, तर तेवढ्यानेच वाचन जवळजवळ १ मिलिगॅलने घटते. त्यामुळे प्रत्येक ठिकाणाची उंची काटेकोर मोजल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नसतो. सगळ्या दुरुस्त्या केल्यावर जे उरते, ते फक्त एवढेच सांगते की खाली काहीतरी जड आहे. ते तांबे आहे की नुसता जड दगड, हे यंत्र सांगत नाही.

१९७५ च्या मध्यावर, त्या तळ्याजवळ पहिले बोअर घेतले गेले. गाळाचे थर संपल्यावर जो गाभा वर आला, त्यात ३८ मीटर जाडीच्या पट्ट्यात सुमारे १ टक्का तांबे होते, म्हणजे टनामागे १० किलो. सुरुवात आशादायक होती, पण खाण काढण्याइतकी नव्हती. पुढच्या बहुतेक बोअरांनी निराशाच केली. १९७६ च्या अखेरीस दहाव्या बोअरमध्ये मात्र १७० मीटर जाडीत २.१ टक्के तांबे लागले, सोबत युरेनियमही.

आता गंमत पाहा. ज्या बेसाल्टच्या शोधात ही मंडळी निघाली होती, तो साठ्याचा उगम नव्हताच. गुरुत्व वाढले होते ते हेमेटाईटमुळे. ग्रॅनाईटची घनता सुमारे २.६५, तर हेमेटाईटची ५.२. फुटून चुरा झालेल्या ग्रॅनाईटमध्ये उष्ण द्रव शिरले, त्यांनी लोह, तांबे, सोने आणि युरेनियम आणून टाकले. सोने टनामागे एक ग्रॅमही नाही आणि इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. हेमेटाईट फारसे चुंबकीय नसते. चुंबकीय नोंदीचे मूळ त्याहूनही खोलवर आहे. तर्क चुकला, पण जागा बरोबर निघाली. १९८८ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि आज तो जगातला सर्वांत मोठा ज्ञात युरेनियम साठा आहे.

त्यानंतर या प्रकाराला ‘लोह-ऑक्साईड-तांबे-सोने’ असे नाव पडले आणि त्याच प्रदेशात प्रॉमिनंट हिल (२००१) व कारापाटीना (२००५) हे साठे सापडले. कारापाटीनावर तर सुमारे ४७० मीटर आवरण होते.

हेच तंत्र महाराष्ट्रात का वापरत नाहीत, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. किल्लारीला भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये ३३८ मीटर बेसाल्टखाली प्राचीन तळखडक लागला, म्हणजे जाडी ऑलिंपिक डॅमएवढीच. फरक आवरणात आहे. तिथला गाळ चुंबकीयदृष्ट्या जवळजवळ पारदर्शक आहे. आपला बेसाल्ट स्वतःच जड आणि चुंबकीय असल्याने खालचा संकेत त्यात बुडतो. म्हणून आपल्याकडे आशा आहे ती बेसाल्ट नसलेल्या पूर्व विदर्भात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासनाच्या तांब्यात भूवैज्ञानिकांना याच प्रकाराची लक्षणे आढळली आहेत.

गाडलेला साठा यंत्र शोधत नाही, ते फक्त शंका घ्यायला जागा देते. खात्री बोअरच करते, आणि नऊ बोअरांनंतरही दहाव्यासाठी पैसे देणारे कुणी असावे लागते.

(पुढील लेखांकात : बोअरमधून आलेला गाभा कसा वाचतात)